बाईचा राग आणि कायद्याचे घड्याळ

दिवाळी अंकासाठी खुनावर लेख पाठवतो आहे असे कळवले, तेव्हा संपादकांचे उत्तर आले, ‘‘मास्तर, आपला अंक घरोघर बायकामुलांच्या हाती जातो. जरा जपून!’’ मी जपूनच लिहिणार आहे. परंतु ज्या सणाच्या पहाटे आपण अंगठ्याखाली कारीट फोडतो आणि नरकासुर मारल्याचे समाधान मानून फराळाला बसतो, त्या सणाच्या अंकात हा विषय अगदीच उपरा ठरू नये. त्यातून, नरकासुर मेला तो कृष्णाच्या नव्हे, सत्यभामेच्या हातून, अशीही एक कथा आहे. सत्यभामेच्या मनोविकृतीवर कोणी व्याख्यान दिल्याचे माझ्या ऐकिवात नाही. महिषासुरमर्दिनीच्याही नाही. देव्हाऱ्यातल्या बाईने शस्त्र धरले तर आपण आरती करतो. स्वयंपाकघरातल्या बाईने ते धरले की मग मात्र मानसशास्त्र आठवते.

असेच एक व्याख्यान मी २०२५ सालच्या उन्हाळ्यात ऐकले. आमच्या गावच्या वाचनालयाची वसंत व्याख्यानमाला होती. विषय होता ‘खुनी स्त्रीचे मन’. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये मेरठला एका तरुणाचे प्रेत निळ्या पिंपात सिमेंट ओतून बंद केलेले सापडले होते आणि त्याच्या बायकोवर व तिच्या मित्रावर खुनाचा आरोप ठेवला गेला होता. त्या निळ्या पिंपाने सबंध देशाला वेड लावले. भ्रमणध्वनीवर विनोद फिरू लागले. नवरे मंडळी पिंपाशेजारी उभे राहून फोटो काढू लागली. आमच्या व्याख्यात्यांनी सुरुवातच त्या पिंपाने केली. सभागृहात हशा पिकला. पहिल्या रांगेतल्या भगिनीही पदर तोंडाला लावून हसल्या. मीही हसलो असेन. नाही म्हणण्याइतका मी साधू नाही.

पुढे व्याख्यात्यांनी तीन सिद्धांत मांडले. स्त्री जात्याच कपटी, म्हणून तिचा खून थंड डोक्याचा. स्त्री एकदा क्रूर झाली की पुरुषाच्या दसपट क्रूर होते. आणि हे सारे पूर्वी नव्हते. शिक्षणाने, नोकरीने, हातातल्या यंत्राने बाई बिघडली. टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी ‘उद्बोधक’ हा शब्द तीनदा वापरला. मी घरी आलो आणि त्या रात्री मला झोप आली नाही. त्याचे कारण पुढे सांगेन. आधी सिद्धांतांचा समाचार घेऊ.

‘पूर्वी नव्हते’ हे वाक्य आपल्याकडे कशालाही लावता येते. १८८१ साली, म्हणजे हातात यंत्र नसताना आणि शाळेत मुली बोटांवर मोजण्याइतक्या असताना, सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेवर स्वतःचे नवजात मूल मारल्याचा खटला झाला. तिला फाशी सुनावली गेली. पुढे अपिलात काळे पाणी झाले आणि शेवटी ती शिक्षा पाच वर्षांवर आली. त्या वेळच्या वर्तमानपत्रांनी जे लिहिले त्याचा सूर थेट आमच्या व्याख्यात्यांचा होता. बायका मोकाट सुटल्या, धर्म बुडाला. त्यांना उत्तर द्यायला बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे उठल्या आणि १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे पुस्तक छापून आले. ताराबाईंनी विचारलेला प्रश्न आजही उत्तराची वाट पाहतो आहे. बाईच्या पदरात ते मूल टाकणारा पुरुष खटल्याच्या दिवशी कुठे होता?

त्याच्याही आधी पुण्यात काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचे प्रकरण घडले. एका घरी ती स्वयंपाकाला होती. एका शास्त्र्याने तिला फसवले, दिवस गेले, मूल झाले. तिने ते मारले आणि ती जन्मठेपेवर अंदमानात गेली. शास्त्रीबुवा कुठेच गेले नाहीत. ही हकीकत स्वतः जोतिरावांनी १८८४ साली लिहून ठेवली आहे. हा वृत्तांत ऐकून जोतिबा फुल्यांनी ‘खुनी स्त्रीचे मन’ ह्या विषयावर व्याख्यान दिले नाही. १८६३ साली त्यांनी आणि सावित्रीबाईंनी आपल्याच घराच्या आवारात बालहत्याप्रतिबंधक गृह उघडले आणि विधवांनी इथे गुपचूप बाळंत व्हावे, मूल हवे तर न्यावे, नको तर ठेवून जावे, असे जाहीर केले. मला तर त्या काळच्या गुन्हेशास्त्रातला हा सर्वांत मोठा शोध वाटतो. खून का होतो ते फुल्यांनी बाईच्या कवटीत शोधले नाही, तिच्या दारात शोधले. जाण्यासाठी एक दार उघडून दिले, आणि मग ज्या बायका तिथे आल्या त्यांच्या हातून तो गुन्हा घडण्याचे कारणच उरले नाही.

कवटी म्हणालो ते उगाच नव्हे. ‘दसपट क्रूर’ हा सिद्धांत आमच्या व्याख्यात्यांना आपल्या शास्त्रपुराणांतून आलासा वाटत होता, पण त्याचे माहेर इटली आहे. लोंब्रोसो नावाच्या डॉक्टरने पुढे त्याचा जावई झालेल्या फेरेरोच्या जोडीने १८९३ साली गुन्हेगार स्त्रीवर एक ग्रंथ लिहिला. तुरुंगातल्या बायकांच्या कवट्या मोजल्या, जबडे पाहिले, फोटो चाळले. निष्कर्ष असा, की जन्मजात गुन्हेगार स्त्रिया थोड्या असतात, पण असतात त्या पुरुषाहून भयंकर. कारण साधारण बाईला दया आणि मातृत्व आवरून धरते. जिला ते आवरत नाही ती राक्षसीण. म्हणजे पाहा, पुरुषाने खून केला तर तो वाईट पुरुष आणि बाईने केला तर ती बाईच नव्हे! पुढे १९५० साली अमेरिकेत पोलॅक ह्या विद्वानाने दुसरे टोक गाठले. बायकांचे गुन्हे थोडे दिसतात, कारण त्या लपवतात. त्या रांधणाऱ्या, वाढणाऱ्या, आजाऱ्याची शुश्रूषा करणाऱ्या, तेव्हा विष घालणे सोपे. आणि लपवण्याची सवय त्यांच्या देहधर्मातच आहे. एवढा मोठा विद्वान, पण स्वयंपाकघरात बाईला कोणी बसवले हा साधा प्रश्न त्याला पडला नाही.

विषाचे आणि स्त्रीस्वभावाचे हे नाते मला तरी पटत नाही. ज्याच्या हाती जे असते ते हत्यार तो उचलतो. शेतकऱ्याच्या हाती कोयता, शिपायाच्या हाती बंदूक, बाईच्या हाती पातेले. तिच्या मनगटात नवऱ्याच्या निम्मेही बळ नसते आणि समोरासमोर झटापट झाली तर मरणार कोण हे तिला गेल्या दहा वर्षांच्या अनुभवाने ठाऊक असते. म्हणून ती तो झोपण्याची वाट पाहते. ह्या वाट पाहण्यालाच आपण कपट म्हणतो.

आकड्यांचे एकदाच सांगतो आणि सोडून देतो. संयुक्त राष्ट्रसंघाच्या गुन्हेविषयक कार्यालयाने २०१९ साली जगभरच्या खुनांचा अहवाल काढला. त्याप्रमाणे खुनाच्या संशयितांत शेकडा नव्वदच्या आसपास पुरुष असतात. २०१७ ह्या एका वर्षात जगात सुमारे ८७,००० स्त्रिया जाणूनबुजून मारल्या गेल्या आणि त्यांपैकी ५०,००० जणींना मारणारा माणूस घरचाच होता. आपल्याकडे २०२२ साली हुंडाबळीच्या सहा हजारांहून अधिक नोंदी झाल्या. सहा हजार! ज्या काळात रोज कुठे ना कुठे सुनेच्या अंगावर ‘स्टोव्हचा भडका’ उडत होता, त्या काळात स्टोव्हशेजारी उभे राहून कोणा सासूने हसत फोटो काढून घेतल्याचे मला आठवत नाही. मेलेल्या नवऱ्याची थट्टा वाईटच. त्या मेरठच्या घरातही कोणाचा तरी मुलगा गेला. पण एका पिंपावर देश हसतो आणि सहा हजार सुनांचा सालोसाल नुसता आकडा होतो, त्या देशाने स्त्रीच्या क्रूरतेवर बोलताना जरा आवाज खाली ठेवावा.

आता मुख्य मुद्दा. तो कायद्याचा आहे, पण घाबरू नका. मी वकील नाही, मॅट्रिकपर्यंत शिकलेला मास्तर आहे. मला समजले ते तुम्हांला समजेलच.

खुनाच्या कायद्यात एक सवलत आहे. ‘गंभीर आणि आकस्मिक’ चिथावणीने भान हरपून कोणी जीव घेतला, तर तो खून न धरता त्याहून हलका मनुष्यवध धरला जातो. माणूस आहे, डोके भडकले, असे कायदा समजून घेतो. छान आहे. पण ‘आकस्मिक’ ह्या शब्दाकडे नीट पाहा. राग येणे आणि हात उठणे ह्यांत वेळ जाता कामा नये. वेळ गेला की कायदा म्हणतो, डोके थंड झाले होते, हा बेत होता. कायद्याच्या हातात एक घड्याळ आहे, आणि ते पुरुषाच्या रागावर लावलेले आहे.

आपणां सर्वांना पाठ असलेली एक गोष्ट घ्या. २७ एप्रिल १९५९. नौदलाचे कमांडर नानावटी दुपारी घरी आले. पत्नीने परपुरुषाशी असलेल्या संबंधाची कबुली दिली. त्यांनी तिला आणि मुलांना मेट्रो सिनेमाशी सोडले, जहाजावर जाऊन काहीतरी निमित्त सांगून रिव्हॉल्व्हर आणि गोळ्या घेतल्या, आहुजांच्या कचेरीत गेले, तिथे ते नाहीत म्हणून घरी गेले आणि तिथे गोळ्या झाडल्या. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मताने त्यांना निर्दोष ठरवले. मुंबई त्यांच्यासाठी वेडी झाली. ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने त्यांना डोक्यावर घेतले. उच्च न्यायालयाने ज्यूरीचा निर्णय फिरवून जन्मठेप दिली आणि १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. दीड वाजता घर सोडले आणि चार वाजून वीस मिनिटांनी माणूस मारला, मध्ये डोके थंड होण्याइतका वेळ गेला होता, असे न्यायालयाने मोजून सांगितले. म्हणजे घड्याळ तिथेही होते, हे मी कबूल करतो. पण १९६४ साली राज्यपालांनी त्यांना माफी दिली आणि १९६३ पासून २०१६ पर्यंत त्या कथेवर चित्रपट निघत राहिले, ज्यांत नायक रुबाबदार दिसतो. त्या तीन तासांत नानावटींच्या मनात काय चालले असेल ते सगळ्या मुंबईला कळले. कळवून घेण्याची तिची इच्छा होती.

आता दुसरी गोष्ट, इंग्लंडातली, १९४९ सालची. डफी नावाची एक तरुण बाई. नवरा सतत मारहाण करी. एका रात्री भांडण झाले. ती खोलीबाहेर गेली, कपडे बदलले, आणि नवरा अंथरुणात असताना कुऱ्हाड आणि हातोडा घेऊन परत आली. तिचा खटला चालवताना न्यायमूर्ती डेव्हलिन ह्यांनी चिथावणीची जी व्याख्या सांगितली, तीच पुढे साठ वर्षे इंग्रजी न्यायालये म्हणत राहिली: आत्मसंयम ‘आकस्मिक आणि तात्पुरता’ सुटला पाहिजे. दीर्घकाळचा छळ हा उलट सूड घेण्यास वेळ मिळाल्याचा पुरावा ठरतो. बाई खुनाची गुन्हेगार ठरली. मला ह्या गोष्टीत गंमत वाटते ती ही, की पुरुषाच्या रागाचे हे माप एका मार खाणाऱ्या बाईच्या खटल्यात कोरले गेले, तिलाच नाकारण्यासाठी.

चाळीस वर्षांनी तोच प्रसंग पुन्हा घडला. ह्या वेळी बाई आपल्याकडची, पंजाबची होती. किरणजीत अहलुवालिया लग्न होऊन इंग्लंडात गेली आणि दहा वर्षे मार खाल्ला. न्यायालयातून नवऱ्याविरुद्ध मनाईहुकूम आणले. मे १९८९ मधल्या एका रात्री त्याने तापलेली इस्त्री तिच्या तोंडाशी धरली. तो झोपल्यावर तिने पेट्रोल ओतून आग लावली आणि काही दिवसांनी तो मेला. जन्मठेप झाली. साउथॉल ब्लॅक सिस्टर्स ह्या स्त्रियांच्या संघटनेने प्रकरण लावून धरले आणि १९९२ साली अपील न्यायालयाने तो निकाल रद्द केला. पण कशाच्या आधारावर? ‘आकस्मिक’ हा शब्द न्यायालयाने हलवला नाही. तिच्या मनाला आजार होता, खोल उदासीनता होती, असा नवा वैद्यकीय पुरावा आला आणि तो मानला गेला. पुन्हा खटला होऊन मनुष्यवधाची जी शिक्षा ठरली ती तिने आधीच भोगली होती, म्हणून ती सुटली. बाई सुटली ह्याचा आनंद आहेच. परंतु न्यायालय काय म्हणाले ते ध्यानात घ्या. ती वेडी होती हे मान्य. ती रागावली होती हे अमान्य!

बाईचा राग हा मुळी वेगळ्या आचेवर शिजतो. शिजतो म्हणजे काय हे पुरुषांना सांगावे लागेल, बायकांना नाही. गवऱ्यांच्या आगीत दूध ठेवले तर ते उतू जात नाही, आटत जाते. सकाळी ‘भाजी खारट’ म्हणून ताट भिरकावले. दुपारी माहेराहून आलेले पत्र फाडले. रात्रीचे तर लिहिण्याजोगे नाही. ह्यातला एकही प्रसंग ‘गंभीर’ नाही, कायद्याच्या फुटपट्टीने तर नाहीच. आणि शेवटचा प्रसंग ‘आकस्मिक’ नाही, कारण तसे तीनशे प्रसंग आधी झालेले असतात. पुरुष एका प्रसंगाने पेटला तर त्याला चिथावणी म्हणायचे आणि बाई तीनशे प्रसंगांनी पेटली तर त्याला बेत म्हणायचे, हा हिशेब आमच्या चौथीच्या पोरांनाही पटणार नाही.

इंग्रजांनी निदान आपली चूक सुधारली. २००९ साली त्यांनी नवा कायदा केला आणि संयम ‘आकस्मिक’ सुटलाच पाहिजे ही अट काढून टाकली. वर हेही लिहिले, की जोडीदाराचा व्यभिचार एवढीच चिथावणी धरायची नाही. म्हणजे नानावटींचे दार बंद केले आणि डफीचे उघडले. बाळंतपणातून मन न सावरलेल्या आईने वर्षाच्या आतले मूल मारले तर तो खून धरायचा नाही, असाही कायदा त्यांच्याकडे १९२२ साली झाला आणि १९३८ साली तो सुधारला गेला. आपण काय केले? ज्यांनी १८६० साली आपल्याला दंडविधान दिले त्यांनी स्वतःचा कायदा बदलला, आणि आपण २०२३ साली भारतीय न्याय संहिता करून, गुलामगिरीचे जोखड फेकले असे ढोल वाजवून, कलमांचे क्रमांक बदलले. पूर्वीचे तीनशेवे कलम आता एकशे एकावे झाले. ‘गंभीर आणि आकस्मिक’ जिथल्या तिथे. विजयालक्ष्मीसारख्या बाळंतिणीसाठी वेगळे कलम तेव्हाही नव्हते, आजही नाही.

इथे दुसऱ्या बाजूची मंडळी खूष झाली असतील. तेव्हा त्यांच्याशीही दोन शब्द भांडून घेतो. काही सुधारक मंडळींचे म्हणणे असे, की बाई खून करते ती सदैव सोसून सोसूनच. हे मला मुळीच मान्य नाही. कोल्हापूरच्या गावित मायलेकींनी १९९० ते १९९६ ह्या काळात तेरा मुले पळवली, चोरी करताना ढालीसारखी वापरली आणि जड झाली ती मारून टाकली. दोघी बहिणींना २००१ साली फाशी झाली, २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली आणि पुढे दयेच्या अर्जावर सरकारने इतका अक्षम्य विलंब लावला की २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयाला ती जन्मठेपेवर आणावी लागली. त्या पोरांच्या आयांसमोर उभे राहून ‘ह्याही बिचाऱ्या पीडित’ असे म्हणण्याची माझी छाती नाही. बाई लोभापायी मारू शकते, सूडापायी मारू शकते, कंटाळून मारू शकते. पुरुषासारखीच. तिला तेवढे मोठे माणूस माना. (त्या प्रकरणातला थोरलीचा नवरा माफीचा साक्षीदार होऊन सुटला, हे मात्र ‘स्त्रीची क्रूरता’ सांगणारे सांगायला विसरतात.)

आणि मार खाणाऱ्या बाईच्या मनाला ‘सिंड्रोम’ म्हणणारे जे शास्त्र १९७९ पासून अमेरिकेतून आले, त्याचे उपकार आहेतच. त्यामुळे न्यायालये निदान ऐकू लागली. पण त्यानेही बाईला रोगीच केले. जी गोष्ट शेजारच्या चार भिंतींना ऐकू येत होती ती समजायला मनोविकारतज्ज्ञ कशाला लागतो?

माझाही गुन्हा कबूल करतो. माझ्या एका कादंबरीत दुधातून विष देणारी एक बाई आहे. डोळे हिरवट, हसणे गूढ, केसांत मोगरा. प्रकाशक खूष होते. कोणीतरी एका बाईंनी कार्ड पाठवले, त्यात एवढेच होते: ‘तुमच्या नायिकेला सकाळी पाणी भरावे लागत नाही का?’ मी त्या कार्डाला उत्तर दिले नाही. देता येण्याजोगे उत्तर नव्हते.

त्या व्याख्यानानंतर झोप का आली नाही ते आता सांगतो.

माझ्या चौथीच्या वर्गात एक मुलगा होता. नाव सांगत नाही. अक्षर मोत्यासारखे, पण सोमवारी हटकून गैरहजर. काही वर्षांपूर्वीच्या आषाढात एका दुपारी त्याची आई शाळेत आली. कडेवर धाकटी पोर, डोक्यावरून पदर, आणि पदर ओढूनही डाव्या डोळ्याखालचे काळेनिळे झाकले जात नव्हते. म्हणाली, ‘‘गुर्जी, पोराचा दाखला द्या. माहेरी जाते. तिकडं घालीन शाळंत.’’ मी विचारले, ‘‘मालकांना ठाऊक आहे का?’’ ती गप्प. मी म्हणालो, ‘‘बाई, दाखल्याच्या अर्जावर बापाची सही लागते. घेऊन या, लगेच देतो.’’ तिने आणखी काही म्हटले नाही. ‘‘बरं गुर्जी,’’ म्हणून गेली. असा नियम खरोखर होता की नाही, हे मी तेव्हा पाहिलेही नाही. आमच्याकडे चाल तशी होती.

नवव्या दिवशी तिने दोन्ही मुलांसह विहिरीत उडी घेतली. शेजारच्या शेतात मोटार चालू करायला आलेल्या माणसाने दोर सोडला. आई जिवंत निघाली.

आपल्या वर्तमानपत्रांत ह्या बातमीला ठरलेली दोन ओळींची जागा असते. आई मेली तर ‘विवाहितेची मुलांसह आत्महत्या’. आई वाचली तर ती खुनी. कायदा अगदी स्पष्ट आहे: विहिरीत पोर घेऊन उडी घेणे हे प्राणघातक कृत्य आणि ते तिला कळत होते. १९५३ साली मध्य भारताच्या उच्च न्यायालयाने अशाच एका बाईला, नणंदेशी भांडून तीन पोरांसह उडी घेतलेल्या बाईला, खुनाचीच गुन्हेगार ठरवले. १९८९ साली मात्र मद्रास उच्च न्यायालयाने तसल्याच प्रकरणात वेगळी वाट धरली. तमिळ मुलखात नल्लतंगाळची लोककथा आहे. दुष्काळात भावाकडे गेलेल्या त्या बाईला भावजयीने हाकलले आणि तिने सात मुलांसह विहिरीत जीव दिला. न्यायमूर्तींनी त्या नल्लतंगाळची आठवण केली आणि म्हटले, की दीर्घकाळ चालत आलेली चिथावणीही चिथावणीच धरली पाहिजे. पुस्तकात नसलेला अपवाद त्यांनी मनाने जोडला. नानावटींच्या निकालातच सर्वोच्च न्यायालयाने म्हणून ठेवले होते, की मेलेल्या माणसाच्या आधीच्या वागण्याने आरोपीच्या मनाची जी पार्श्वभूमी तयार होते ती लक्षात घेता येईल. वाट होती. कोणी चालत नव्हते. आणि एका न्यायालयाने चालून दाखवली तरी ती साऱ्या देशाचा हमरस्ता होत नाही. तो करायचा तर कायद्यातूनच ‘आकस्मिक’ हा शब्द काढावा लागेल. आमदार-खासदार मंडळी दिवाळीची शुभेच्छापत्रे पाठवतात, त्यांच्या उत्तरी तुम्ही हे कळवले तर माझा हा लेख वाया गेला नाही असे मी समजेन.

आमच्या गावच्या त्या बाईचा खटला जिल्ह्याला चालला. मला साक्षीला बोलावणे आले. मला वाटले, डोळ्याखालचे ते काळेनिळे विचारतील. मी रात्रभर वाक्ये जुळवत होतो. पिंजऱ्यात उभा राहिलो. सरकारी वकिलांनी हजेरीपटाचे पान पुढे केले आणि विचारले, ‘‘ही नोंद तुमच्या हातची का?’’ मी म्हणालो, ‘‘होय.’’ ‘‘मुलाची जन्मतारीख बरोबर आहे?’’ ‘‘होय.’’ तिच्या बाजूच्या वकिलांनी ‘प्रश्न नाही’ म्हणून सांगितले. मी खाली उतरलो. न विचारता बोलायचे नसते, असे मला कोणी तरी सांगितले होते.

ती समोरच्या बाकावर बसली होती. तिने माझ्याकडे पाहिले आणि सवयीने पदर सारखा केला. जन्मठेप झाली. थंड डोक्याने, नऊ दिवस विचार करून केलेले कृत्य, असा युक्तिवाद झाला होता. ते नऊ दिवस वकिलांनी कुठून मोजले हे मला ठाऊक आहे. शाळेच्या आवकनोंदवहीत तिच्या दाखल्याच्या मागणीची तारीख मीच लिहिली होती.